मड्यांना न्हाऊ घालणारी मावशी

पाण्यात ती आधी आपलं कोपर बुडवायची. लेकराच्या आंघोळीचं पाणी आई बघते तसं. मग दारातल्या बायांकडे वळून म्हणायची, "थंडं टाक व अजून. मेल्याले बी पोळते."

आमच्या गावात बाईमाणूस मेलं की पहिलं बोलावणं तिला जायचं, भटाला मागून. ती यायची, पदर कमरेला खोचायची, रडणाऱ्या बायांना गप्प करायची आणि मड्याशी बोलत बोलत त्याला धुवून काढायची. "चाल माय, हात वर कर. लय राबला हा हात." ताठलेला हात तिच्या बोलण्यानं सैल पडायचा म्हणतात. मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पुरुषाला ती आत फिरकू देत नसे. पण एकदा मी दाराआडून ऐकलं आहे, आणि ते माझ्याच घरी.

मी चौथी शिकलो, तीही पोथी वाचता यावी म्हणून. गोड लिहिणं मला जमत नाही. आणि हे लिहिताना माझ्या मनात चांगुलपणा आहे असंही धरून चालू नका. तुमच्याही गावात अशी एखादी बुढी असेल, तिला नीट बघून घ्या, एवढंच सांगतो. तिचं नाव मी लिहीत नाही. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं.

आमचं गाव मंगरूळपीर तालुक्यातलं, आसेगावाच्या अंगाला. मावशीच्या आणि माझ्या घरामध्ये एक कूड होता, तोही असा की इकडं शिंकलं तर तिकडून "जीव र" यायचं. ती कुणब्याची, रांडाव, पोरबाळ नाही. आम्ही मानभाव, म्हणजे महानुभाव पंथाचे. एका परमेश्वराशिवाय आम्ही कुणापुढं हात जोडत नाही. मारुतीपुढं नाही, महादेवापुढं नाही. मांसाला शिवत नाही. आणि आमचं माणूस मेलं की जाळत नाही, भुईत देतो. शेजारपाजारच्यांना यातलं काही खुपत नव्हतं. ज्यांना खुपायचं ते पारावर बसायचे.

माझी बायको धर्माला फार कडक. मावशीला तिनं उभ्या जन्मात चुलीपाशी येऊ दिलं नाही, कारण मावशीच्या घरी कोंबडी शिजायची. मावशी उंबऱ्याच्या बाहेर फतकल मारून बसायची आणि तिथूनच आमची भाजी चाखायची. म्हणायची, "तुमचा देव बावा उपाशीच मराचा. माह्या देवाले सालातून एक बोकड तरी भेटते." कोंबडीला फोडणी द्यायच्या आधी कुडावरून हाक यायची, "झाक व मानभाविणी तुह्या देवाचं नाक, फोडणी देतो." बायको चिडून पोथीच झाकायची. दोघी दिवसभर भांडायच्या आणि संध्याकाळी एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढायच्या.

आम्हाला एक मुलगी झाली होती. चालायला लागली आणि देवीच्या साथीत गेली. तिला आम्ही गावाच्या मसणवट्यात दिली, ओढ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात. तो कोपरा आमच्या पाच मानभाव घरांचा, आज्या-पणज्यापासूनचा. बाकीचं गाव वरच्या अंगाला जाळायचं, आम्ही खाली पुरायचो. कुणाचं कुणाला अडत नव्हतं. मावशीनंच आमच्या लेकीला न्हाऊ घातलं होतं.

मग पाटलाच्या डोक्यात भिंत आली. मसणवट्याला लागून महादेवाचं देऊळ आहे. देवळाला आवार पाहिजे म्हणून त्यानं अशी आखणी केली की सगळा मसणवटा आत गेला, आमच्या कोपऱ्यासकट. गावातल्या प्रत्येक घरानं दगड वाहायचे असं ठरलं. आमची पाच घरं गेली नाहीत. शाळेची खोली बांधताना आम्ही माती वाहिली होती, विहिरीचा गाळ काढायला आम्ही सगळ्यांत पुढं होतो. पण देवळाचा दगड आमच्या डोक्यावर चालत नाही. पाटील तेव्हा काही बोलला नाही. भिंत पुरी झाल्यावर बोलला. ज्यानं दगड वाहिला नाही त्याचं मडं भिंतीच्या आत यायचं असेल तर तिरडी आधी मारुतीपुढं टेकवायची, नारळ फोडायचा आणि मड्याच्या तोंडात महादेवाचं तीर्थ घालायचं. नाहीतर आपली जागा आपण बघायची.

हे झालं आणि पहिलं मरण माझ्याच घरी आलं.

वैशाख होता. बायकोला ताप भरला आणि तो उतरलाच नाही. जायच्या आधी तिनं मला जवळ बोलावलं. मावशी उंबऱ्याबाहेर बसलेली होती, तिच्या कानावरही पडलं. बायको म्हणाली, "मले लेकीजवळ ठेवा. पण माह्या तोंडात त्याईचं पाणी पडू देऊ नोका." दोन्ही एका वेळी होणार नव्हतं हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिनं दोन्ही मागितलं. मी हो म्हणालो.

ती गेली तेव्हा पाटलानं गावाला आधीच ताकीद दिलेली होती, त्यामुळं एक बाई आमच्या दारात आली नाही. मावशी आली. तिनंच चूल पेटवली, तिनंच पाणी तापवलं. त्या दिवशी पहिल्यांदा ती आमच्या चुलीपाशी गेली. आत जाताना मला म्हणाली, "आता कोनाले विचारू?" आणि दार लोटून घेतलं.

मी दाराला टेकून उभा होतो. आतून तिचं बोलणं येत होतं. "काहून गप हायस व आज. एरवी तं तोंडाले टाळं नोयतं तुह्या. ह्या कानामागं मळ पाय. मले नावं ठेवत होती ना." मग बराच वेळ नुसतं पाण्याचं ऐकू आलं. मग तिचा आवाज खाली आला. "दात घट्ट ठेवजो. कोनी पाणी टाकाले आलं त चावजो."

मी पाटलाकडं गेलो. मी आयुष्यात कुणाच्या पाया पडलो नव्हतो, त्याच्याही पडलो नाही, पण हात जोडून उभा राहिलो. म्हणालो, लेकीजवळची हातभर जागा द्या, बाकी काही नको. तो सुपारी कातरत होता. नजर वर न करता म्हणाला, "एक नारळ तं फोडाचा आहे. देवापुढं टेकलं तं तुमची माणसं काय अजून मरतीन?" पारावरचे हसले. मी म्हणालो, तिची इच्छा नाही. तो म्हणाला, "करणी कसाबाची, बोलणी मानभावाची. जाय, आपल्या वावरात गाड."

ऊन वाढत गेलं. आमच्या पाच घरांतले पुरुष ओसरीवर बसून होते. कुणी म्हणे टेकवून टाकू, कोण बघतो, कुणी म्हणे नको. मावशी मड्याच्या उशाशी बसून पदरानं माशा हाकत होती. शेवटी तिनंच मला विचारलं, "तिनं काय सांगतलं होतं?" मी म्हणालो, दोन गोष्टी. ती म्हणाली, "मंग एक तं कर. तोंडातलं तुह्या हातात आहे, जागा त्याच्या हातात आहे."

माझ्या वावरात, विहिरीच्या वरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी बायकोला भुईत दिली. लेक ओढ्यावर, ती इथं. मध्ये पाटलाची भिंत. माती लोटून झाल्यावर मावशीनं हात झाडले, गावाकडं तोंड केलं आणि नुसती थुंकली. मला तेव्हा वाटलं बुढी थकली आहे.

पुढच्या उन्हाळ्यात पाटलाची माय गेली. सकाळीच मावशीला बोलावणं आलं. ती अंगणात तुरीची डाळ निवडत बसली होती. आलेल्या माणसाला म्हणाली, "पाणी ऊन करा, येतोच." माणूस गेला. मावशी डाळ निवडत राहिली. पाणी तापलं, निवलं. दुसरा माणूस आला. "येतोच सांग. पाणी ऊन ठेवा." पाणी पुन्हा तापलं. डाळ निवडून झाली तेव्हा तिनं मोहरी घेतली. तुम्ही कुणाला मोहरी एकेक दाणा करून निवडताना पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे. मी कुडाच्या अलीकडून बघत होतो आणि मला एवढं बरं वाटत होतं की काय सांगू. पाटलाच्या वाड्यावर मडं उन्हात होतं आणि पाटलाची माणसं आमच्या गल्लीत येरझारा घालत होती.

शेवटी पाटील स्वतः आला. डोक्याला पागोटं नाही, डोळे लाल. म्हणाला, "मावशे, माय तापून राह्यली माही." मावशीनं सूप खाली ठेवलं. "तापते खरं," ती म्हणाली. "वैशाखात तं लयच तापते. मी बसलो होतो ना मागल्या साली माशा हाकत, मले मालूम आहे." मग ती म्हणाली, "जाय, आपल्या सुनाईच्या हातानं धू."

सुनांनी कधी मडं धुतलेलं नव्हतं. त्यांनी लांबूनच तांबे रिकामे केले, म्हैस धुतात तसे. पाणी उकळतं होतं. कातडं सुटलं, असं बाया महिनाभर बोलत होत्या. मी ते ऐकून हसलो. आजही आठवलं की हसतो.

मावशी मात्र त्या संध्याकाळी जेवली नाही. कुडाशी येऊन बसली. मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, "बुढी बिचारी चांगली होती रे. मी नवी नवरी आलो तवा तिनंच मले पयली आंबाडीची भाजी धाडली होती." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "तिचा काय गुन्हा." आणि डोळे पुसून लगेच म्हणाली, "पण पाटलाची माय होती ना. त्याले मी काय करू." तिच्याकडून मी हे शिकलो: सूड घ्यावा आणि रडावंही, दोन्हीला बंदी नाही.

त्यानंतर ती उठून जाईल तिथं बोलू लागली. पारावर, विहिरीवर, बाजारात. मी मेले तर मला जाळू नका, मानभावाच्या वावरात माझ्या शेजारणीजवळ गाडा, पाटलाच्या भिंतीच्या आत मला यायचं नाही. लोक आधी हसले. मग हसेनासे झाले. कुणब्याची बाई मानभावाच्या धुऱ्यात गाडली तर सोयऱ्यांच्या गावांत तोंड कुठं दाखवायचं, असं पाटलाचं झालं. त्यानं तिच्या नवऱ्याच्या पुतण्याला मानोऱ्याकडून बोलावून घेतलं, तिला समजव म्हणून. पुतण्या मऊ माणूस. मावशीनं त्याला कोंबडी करून घातली आणि परत पाठवलं.

तिचा आजार आला तो थंडीत, ज्वारी कापणीच्या वेळी. एक दिवस आपली वाकळ घेऊन ती आमच्या ओसरीवर आली आणि लवंडली. मी म्हटलं, मावशे, आपल्या घरी चाल, मी येऊन बघत जाईन. ती म्हणाली, "अठीच मरतो. म्हणजे मडं तुह्या ताब्यात राहीन."

मला वाटलं बुढी वातात बोलते आहे. तिनं मला वाकायला लावलं. "आईक. मी गावात वाजवलं ते वाजवलं. ते मले न्याले येतीनच. पाटलाची भीत पडल्याबिगर मडं देऊ नोको. कोपरा मोकया झाला का दे मले त्याईले."

"आन् तुले वावरात गाडाचं?" मी विचारलं.

"मले जळाचंच आहे, बावा. मातीत मुंग्या लागतात." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाली, "तुही लेक आत आहे. माह्या मड्याचं तुले जे घ्याचं ते घेऊन घे. दुसरं काय आहे माह्याजवळ."

ती गेल्याचं गावाला कळायला वेळ लागला नाही. पाटील आला, मागं माणसं, सोयरे, बांबू, कडबा, पुतण्या. ओसरीवर मी बसलो होतो, आत मावशी होती. पाटील आधी गोड बोलला. मग गावाची अब्रू काढली. मग पोलिसाचं नाव काढलं. मी उठलो नाही. म्हणालो, बुढीनं साऱ्या गावापुढं सांगितलं आहे तिला कुठं जायचं ते, विचारा कुणालाही. कुणी मान हलवली नाही, पण कुणी नाहीही म्हणालं नाही. पाटलाची थोरली सून गर्दीतून निघाली, सासऱ्याकडं न बघता आत गेली आणि पदर खोचून पाणी तापवायला लागली. तिच्यामागं आणखी दोघी गेल्या. तेव्हा पाटलाचा चेहरा उतरला.

"काय पाह्यजे तुले?" त्यानं विचारलं.

"ओढ्याकडची भीत पाड."

"कोपऱ्यापुरती पाडतो."

"तेवढीच पाड. पयला दगड तुह्या हातानं."

पुतण्या पाटलाकडं बघत होता, सोयरे बघत होते, आत पाण्याचा आवाज येत होता. मग तो निघाला आणि मी त्याच्या मागं निघालो. मला बघायचं होतं. मातीत बसवलेला दगड निघेना, तेव्हा त्यानं पहार मागितली. दगड सुटला तो त्यानं दोन्ही हातांनी उचलून ओढ्याकडं नेला. त्याचं धोतर मळलं, बोट चेंगरलं, तो बोट तोंडात घालून उभा राहिला. मला बायको दिसत होती, दिवसभर उन्हात, आणि हा सुपारी कातरताना.

बाकीच्यांनी मग बाजू मोकळी केली. मी आत गेलो आणि लेकीच्या जागेजवळ बसलो. तिच्यावर गवत वाढलं होतं. भिंत बांधताना कुणीतरी तिथंच चुना मळला होता, त्याचा पांढरा थर अजून होता. तो मी नखांनी खरवडला, गेला नाही.

मावशीला त्यांनी नेलं. मी अडवलं नाही, तिनं सांगितलं होतं तसंच केलं. मारुतीपुढं तिरडी टेकली, नारळ फुटला, तिचा देव तिला भेटला. पुतण्यानं अग्नी दिला. लाकूड पाटलाचंच होतं, कोरडं, चांगलं पेटलं.

आता आमच्या माणसांना तो कोपरा परत मिळाला आहे. आमच्यातला एक म्हातारा गेला, तो तिथंच गेला, कुणी हू की चू केलं नाही. लोक मला म्हणतात, झालं ना, मिटलं ना. काय मिटलं? माझी बायको धुऱ्यावर आहे. तिला मी उकरून ओढ्यावर नेऊ का? आणि मी मेलो तर मला कुठं ठेवतील, लेकीजवळ की तिच्याजवळ? ती भिंत नसती तर हा प्रश्नच नसता. पाटील वाटेत भेटला की राम राम करतो. मी करत नाही, आमच्यात तसंही राम राम नाही, पण असता तरी केला नसता.

गावात आता मड्याला न्हाऊ घालणारं कुणी धड नाही. पाटलाची सून जाते, पण ती बोलत नाही, मुकाट धुते. पलीकडच्या घरात पुतण्यानं कडबा भरून ठेवला आहे. संध्याकाळी कुडाजवळ बसलो की तिकडून उंदरांची खुडबुड येते.

पाटील मात्र पारावर सांगत असतो की एक कोपरा गेला तर गेला, बुढी शेवटी आपल्यात आली, मानभावाच्या वावरात गेली नाही. हे माझ्या कानावर आलं म्हणून मी लिहायला बसलो.

पाटलाला वाचता येतं. हे छापून आलं की कुणीतरी त्याच्या हातात देईलच. तेव्हा पाटील, नीट वाच. राख सावडायला तुमची माणसं आली त्याच्या आधी मी मसणवट्यात जाऊन आलो होतो. माझ्या पंच्यात मावशी होती, सगळी नाही, दोन मुठी. राख मानभावाला चालत नाही हे मला माहीत आहे, ते माझं मी परमेश्वराला सांगेन. विहिरीच्या वरच्या धुऱ्यावर, बायकोच्या उशाशी, हातभर खोल मी तिला दिली आहे. वर तूर लावली आहे. यंदा चांगली आली आहे, येऊन बघून जा.